बापलेक दोन सैन्यांत

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा १८ वा अध्याय वाचितांना एक गोष्ट मनास लागते. दावीद आपलें सैन्य लढाईस पाठवितो, आणि त्याच तोंडानें सेनापतींस विनवितो कीं, तरुण अबशालोमास माझ्याकरितां सांभाळा. राजास जय पाहिजे होता. बापास मुलगा पाहिजे होता.

असाच प्रसंग इंग्लंडांतील एका उमराव घराण्यावर आला. विल्यम फील्डिंग, डेनबीचा पहिला अर्ल, हा १६३१ सालीं हिंदुस्थानाच्या प्रवासास निघाला होता. हिंदी पोशाखांतील त्याची तसबीर व्हॅन डाइक ह्या चित्रकारानें काढिली, ती लंडनच्या नॅशनल गॅलरींत आहे. १६४२ सालीं राजा चार्ल्स व पार्लमेंट यांच्यामध्यें यादवी पेटली, तेव्हां हा पन्नाशी उलटलेला गृहस्थ राजाच्या घोडदळांत स्वयंसेवक झाला. त्याचा वडील मुलगा बेसिल मात्र पार्लमेंटाकडे घोडदळाचा सरदार होता. २३ ऑक्टोबर १६४२ रोजीं एजहिलच्या रणांगणावर बाप एका सैन्यांत, लेक दुसऱ्या सैन्यांत!

सूझन ही त्या मुलाची आई. ती राणीच्या पदरीं होती. तिनें मुलास पत्रांमागून पत्रें लिहिलीं: राजाकडे ये, आमच्याकडे ये. बेसिल आला नाहीं. त्यास कोणी निष्ठुर म्हणतील. पण आपण घाई करूं नये. सद्सद्विवेकबुद्धीकरितां बापाचें घर ज्यांना सोडावें लागलें, असे तुम्हांमध्यें थोडे नाहींत, आणि आईचे अश्रु कसे जड असतात हें त्यांस ठाऊक आहे.

पुढें ३ एप्रिल १६४३ रोजीं, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशीं, राजपुत्र रूपर्टानें बर्मिंगहॅम गांवावर हल्ला केला. त्या हल्ल्यांत म्हातारा अर्ल घायाळ झाला व ८ तारखेस मरण पावला. पुनरुत्थानाच्या सणाच्याच आठवड्यांत गांव जळालें, आणि एक बाई विधवा झाली. आतां तरी बापाचे प्राण घेणाऱ्यांची संगत सोड, असें आईनें पुन्हां विनविलें.

बेसिल दुसरा अर्ल झाला, पण पक्ष सोडिला नाहीं. तथापि १६४५ सालीं अक्सब्रिज येथें राजाशीं तहाचें बोलणें करावयास पार्लमेंटानें जे पाठविले, त्यांत तोहि होता. तह झाला नाहीं. सूझन राणीबरोबर परदेशीं गेली, आणि १६५२ सालीं वारली. मुलानें तिचें मागणें मान्य केलें नाहीं. परंतु तिचीं पत्रें त्यानें फाडिलींहि नाहींत. तीं घराण्याच्या दप्तरांत राहिलीं, आणि त्यांत ती त्यास शेवटपर्यंत प्रिय मुलाच म्हणते.