शांतीचा हात



पवित्र मिस्सामध्ये आपण एकमेकांकडे वळून, हात जोडून शांती देतो. पण जी मुलगी पाहू शकत नाही आणि ऐकूही शकत नाही, तिला ही शांती कशी पोहोचावी? तिच्याशी बोलायचे ते स्पर्शानेच.

अशा मुलांसाठी बेरोझ वाच्छा यांनी १९७७ साली मुंबईत हेलन केलर संस्था सुरू केली. २०१६ च्या कायद्यानेही या अपंगत्वाची दखल घेतली. परंतु नागपूरहून मुंबई सुमारे आठशे किलोमीटर दूर. रोजचा आधार शेजाऱ्यांनीच द्यायचा. मग हा भार एकट्या आईवडिलांचा, की साऱ्या धर्मग्रामाचा?

तिच्यासाठी आपण प्रार्थना करतो. तिने आपल्याला ओळखावे म्हणून काय करतो? जवळ जाताना खांद्याला हलकेच स्पर्श करावा. दर वेळी तीच खूण द्यावी : हातातले कडे किंवा गळ्यातला क्रूस. तिचा हात ओढू नये. आपला हात तिच्या हाताखाली धरावा. अशी ओळख झालेल्या चार घरांनी आळीपाळीने तासभर तिच्याजवळ बसावे, म्हणजे आईलाही विसावा मिळेल.

प्रभू येशूने बहिऱ्याला गर्दीतून बाजूला घेतले, आंधळ्याला हात धरून गावाबाहेर नेले (मार्क ७ व ८). बरे करणे आपल्या हाती नसेल. हात धरणे तर आहे.