प्रारब्ध, प्रयत्न आणि किरणोपचार

आजार प्रारब्धाने आला असेल, तर उपचाराने काय बदलणार, हा प्रश्न कर्करोगाच्या घरात हमखास निघतो. लासूर स्टेशनच्या रुग्णाला तर त्याचे उत्तर रोजच्या वागण्यातच द्यावे लागते. किरणोपचारासाठी, लोकांच्या बोलीत ‘शेक’ घेण्यासाठी, छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय गाठायचे, तर आठवड्याचे पाच दिवस, बहुधा पाच ते सात आठवडे जावे लागते.

उपचाराचे स्वरूप आधी पाहू. सुरुवातीला सीटी स्कॅन करून किरणांची दिशा आणि मात्रा ठरवतात. अंगावर शाईच्या खुणा करतात. त्या पुसू द्यायच्या नसतात. डोक्याच्या वा घशाच्या कर्करोगात चेहऱ्याच्या मापाचा मुखवटा तयार होतो. यंत्राखालचा वेळ काही मिनिटांचा असतो आणि त्यात दुखत नाही. किरणांनी पेशींतील डीएनए तुटतो. दोन शेकांमधल्या काळात निरोगी पेशी सावरतात, रोगट पेशींना तेवढे सावरता येत नाही. म्हणूनच मात्रा विभागून देतात. मधले दिवस बुडाले, तर रोगट पेशींना वाढायला अवधी मिळतो. थकवा येतो, कातडी काळवंडते. तोंडाला शेक असेल तर फोड येतात, पोटाला असेल तर जुलाब होतात. केस गळतात ते किरण पडतात त्याच जागचे. बाहेरून दिलेले किरण शरीरात उरत नाहीत, त्यामुळे नातवंडाला जवळ घ्यायला हरकत नसते.

प्रारब्धाचा प्रश्न चरकसंहितेच्या विमानस्थानात थेट चर्चिला आहे. पूर्वजन्मीचे कर्म म्हणजे दैव, या जन्मीचे म्हणजे पुरुषकार. आयुष्य या दोहोंच्या बलाबलावर ठरते, असे ती मानते. सर्वांचेच आयुष्य ठरलेले असते, तर मंत्र आणि औषध दोन्ही व्यर्थ ठरले असते, हा तिचा युक्तिवाद आहे. म्हणजे प्रारब्ध मानणाऱ्यालाही उपचार टाळण्याची सबब उरत नाही.

श्रद्धेला मात्र जागा राहते. चरक उपचाराचे तीन प्रकार सांगतो: मंत्र, होम, उपवासादी दैवव्यपाश्रय, आहार-औषधाचा युक्तिव्यपाश्रय, आणि मनाला अहितापासून आवरणारा सत्त्वावजय. लासूरच्या दाक्षायणी देवीला बोललेला नवस शेकाच्या आड येत नाही. कडक उपवास येऊ शकतो: वजन घटले की मुखवटा सैल होतो आणि कधी नियोजन नव्याने करावे लागते. आजाऱ्याला व्रतात सवलत देण्याची रीत हिंदू घरांत आहेच. इस्लामनेही आजाऱ्याला रोजा पुढे भरून काढण्याची मुभा दिली आहे.

कर्मसिद्धान्त दुसऱ्यावर उगारला की तो दोषारोप बनतो. ‘मागच्या जन्मीचे पाप’ ऐकावे लागेल म्हणून गाठ लपवली जाते आणि निदानाला उशीर होतो. परक्याचा कर्मलेख वाचण्याचा अधिकार हा सिद्धान्त कुणालाच देत नाही. तंबाखूसारखी कारणे याच जन्मातली असतात आणि लहान मुलांच्या कर्करोगात बहुधा तसे बोट ठेवण्याजोगेही काही सापडत नाही.

उरतो फळाचा प्रश्न. शेक कधी रोग बरा करण्यासाठी, तर कधी केवळ वेदना शमवण्यासाठी असतो. हाडात पसरलेल्या रोगाच्या दुखण्यावर कित्येकदा एकच शेक दिला जातो. परिणाम पुरता कळायला उपचार संपल्यावरही काही आठवडे जातात. गीतेतला फळाच्या आसक्तीचा निषेध याला लागू पडतो, पण फळाची चौकशीच करू नये, असा त्याचा अर्थ नाही. उद्देश बरे करण्याचा आहे की आराम देण्याचा, हे डॉक्टरांना विचारणे, ठरलेले शेक पूर्ण करणे आणि त्रास वेळेवर सांगणे, हा रुग्णाच्या वाट्याचा पुरुषकार होय.