जप कुठे तुटतो?

आजचे चिंतन : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक २६

मन एकदाच जिंकून टाका, असं भगवंत इथे सांगत नाहीत. ते जिथून जिथून निसटेल, तिथून परत आणा, एवढंच सांगतात.

गाडीतला रेडिओ मध्येच बंद पडतो, मध्येच लागतो. चांगला मेकॅनिक लगेच नवा सेट बसवा म्हणत नाही. आधी विचारतो, "कधी बंद पडतो?" खड्ड्यात गचका बसला की डिस्प्लेसकट सगळंच जातं? मग सप्लायची किंवा अर्थिंगची वायर लूज असणार. पेन ड्राइव्हवरची गाणी नीट वाजतात, फक्त स्टेशन जातं? मग अँटेनाची पिन पाहायची. आणि फक्त घाटात, बोगद्यात आवाज जात असेल, तर बिघाडच नाही. डोंगर आड आला. पुष्कळदा अर्थिंगचा स्क्रू गंजलेला निघतो. पॉलिश पेपरने घासून घट्ट पिळला, की झालं.

जपात मन तुटलं की आपण म्हणतो, "माझ्यात भक्तीच नाही," आणि माळ ठेवून देतो. अहो, सेट फेकू नका! कधी तुटतं ते पाहा. कुणाचा जुना राग आठवला की? तिथे गंज आहे, तेवढा घासा. आणि दुःखाच्या घाटात नाम ऐकू येईनासं झालं, तर स्वतःला दोष देऊ नका. स्टेशन सुरूच आहे. पुढे चालत राहा.

आज मन कुठे सुटलं ते पाहा, आणि न चिडता परत आणा. पुढे ३५ व्या श्लोकात भगवंत ‘अभ्यास’ म्हणतात, तो हाच.

राम कृष्ण हरी!