‘बघू’ आणि ‘नंतर’

खंडेनवमीला दुकानातल्या कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. तारीख होती १ ऑक्टोबर २०२५. त्यानंतर तेरा दिवसांनी, दिवाळीच्या आधीच्या मंगळवारी, तो अधिकृतपणे म्हातारा झाला. त्याला स्वतःला याची काही कल्पना नव्हती. बुधवारी सकाळी तो रोजच्याच वेगाने सुरू झाला आणि त्याने एका मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरून दिला.

माझं दुकान विद्यापीठ गेटच्या रस्त्यावर आहे. टायपिंग, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि पीएच.डी.च्या, पूर्वी एम.फिल.च्याही, प्रबंधांचं डीटीपी. हा कॉम्प्युटर मी २०१६ साली घेतला. मध्ये एकदा रॅम वाढवली, एकदा हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, दोन कीबोर्ड झिजवले. विंडोज १० ही प्रणाली जुलै २०१५ मध्ये आली आणि तिला मिळणारे सुरक्षेचे मोफत हप्ते १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ फुकट मिळत होती, पण तिच्या अटीत माझं यंत्र बसत नव्हतं. इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा, आणि किल्ल्या सांभाळणारी टीपीएम २.० ही चिप हवी. माझा प्रोसेसर सहाव्या पिढीचा. एक वर्षाची मुदतवाढ मिळत होती, हे खरं. पण त्याने प्रश्न वर्षभर पुढे गेला असता, इतकंच. मी दिवाळीच्या गिऱ्हाइकीतून नवं यंत्र घेतलं.

नव्याबद्दल आधी चांगलं सांगतो. ते चटकन सुरू होतं. दोन खिडक्या शेजारी शेजारी लावायची सोय फार उत्तम आहे: डावीकडे हस्तलिखिताचं स्कॅन, उजवीकडे माझं टायपिंग. मान दुखणं कमी झालं, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. आता बाकीचं. स्टार्टचं बटण कोपऱ्यातून उठून मध्ये जाऊन बसलं आहे. ते परत डावीकडे नेता येतं, पण टास्कबार पडद्याच्या कडेला उभा करता येत नव्हता. माझा बारा वर्षं उभाच होता, कारण प्रबंधाचं पान उभं असतं आणि पडद्याची उंची मला इंचाइंचाने लागते. राईट क्लिक केलं की नेहमीच्या अनेक गोष्टी ‘आणखी दाखवा’च्या मागे गेलेल्या. आणि पहिल्यांदा सुरू करताना त्याने आधी इंटरनेट मागितलं, मग माझं खातं. स्वतःच्या दुकानात शिरताना कुणी ओळखपत्र विचारावं तसं वाटलं.

या तक्रारी आठवड्याभरात विरतात, हात शिकतो. राहिली ती एक गोष्ट, आणि ती नव्या यंत्रातली नव्हे, जुन्यातली आहे. गेली काही वर्षं त्याच्या पडद्यावर अधूनमधून सूचना यायच्या. हे करून घ्या, ते चालू करा. खाली दोन बटणं: ‘आत्ता’ आणि ‘नंतर’. मी दरवेळी ‘नंतर’ दाबायचो आणि समजायचो की मी नकार दिला.

आपल्याकडे ‘नाही’ असं तोंडावर म्हणायची रीत नाही. वर्गणीला आलेल्या पोरांना आपण ‘बघू’ म्हणतो. मुलीचं स्थळ नापसंत असलं तरी ‘बघू, कळवतो’ म्हणतो. हे चालतं, कारण ऐकणाऱ्याला कळतं. तो पुन्हा येत नाही, आणि आला तर त्यालाच संकोच वाटतो. ‘बघू’ या शब्दातला नकार बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या समजुतीवर उभा असतो. यंत्राला संकोच नाही. त्याने माझं ‘नंतर’ शब्दशः घेतलं: याने होकार दिला आहे, फक्त वेळ ठरायची आहे. ज्या प्रश्नाला ‘नको’ हे उत्तरच ठेवलेलं नाही, त्याला दिलेला होकार हा होकार असतो का? माझं मत, नसतो. तो शरणागतीचा एक सभ्य प्रकार असतो.

इथवर मी स्वतःवर खूश होतो. बायंडिंग करणाऱ्या पोराला हे दोनदा ऐकवूनही झालं होतं.

मग नव्या यंत्रात फायली हलवताना ‘डाउनलोड’चा फोल्डर उघडला. त्यात आधार कार्डं होती. जातीचे दाखले, बँकेची पासबुकं, दहावीच्या गुणपत्रिका, कुणाच्या तरी आईचा मृत्यूचा दाखला. नऊ वर्षांत अर्ज भरायला आलेल्या माणसांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेली, मी उतरवलेली आणि कधीच न पुसलेली कागदपत्रं. हजारांच्या घरात. यातल्या एकालाही मी विचारलं नव्हतं की हे ठेवू का. त्यांना मी ‘नको’ म्हणायचं बटण दिलं नव्हतंच. ‘नंतर’चंही दिलं नव्हतं.

म्हणजे प्रश्न वाटला तितका एका बाजूचा नाही. माझं जुनं यंत्र, चालतंय तोवर वापरीन, हा हक्क विळ्याच्या किंवा शिलाई मशीनच्या बाबतीत निर्विवाद आहे. विळ्याचं म्हातारपण विळ्यात दिसतं, पातं झिजतं. कॉम्प्युटरचं म्हातारपण त्याच्या बाहेर, चोराच्या हुशारीत असतं. २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ नावाचा प्रकार जगभर पसरला आणि ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी नि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारा हप्ता दोन महिने आधी, मार्चमध्येच आला होता. तो न लावणाऱ्यांपैकी कुणीतरी नक्कीच ‘नंतर’ दाबलं असेल, आणि भरपाई पलंगावरच्या माणसाने केली असेल. माझ्या यंत्रात दुसऱ्यांचे कागद आहेत तोवर कुलूप गंजू द्यायचा हक्क मला नाही.

पण हे मान्य केल्यावरही हिशेब पुरता जुळत नाही. दहा वर्षं फुकट दुरुस्ती कुठला मिक्सरवाला देतो, हा युक्तिवाद मी स्वतःच गिऱ्हाइकांना ऐकवतो. मुदत संपण्यावर माझा राग नाही. धडधाकट यंत्राला पुढच्या वर्गात बसूच न देणं, हे मला खटकतं. शेजारच्या विद्यापीठाकडेच बघा. ते १९५८ साली स्थापन झालं. मोठ्या लढ्यानंतर १९९४ मध्ये त्याला बाबासाहेबांचं नाव लाभलं. पुढे २०२३ मध्ये शहराचंही नाव बदललं. माझ्या दुकानात नुसतं ‘मराठवाडा विद्यापीठ’ लिहिलेली पदवी आणि ‘औरंगाबाद’ लिहिलेला दाखला अजून येतो. मी तो स्कॅन करतो, अर्जासोबत जोडतो. नवं नाव आलं म्हणून जुन्या कागदावर शिकलेला माणूस कुणी अशिक्षित ठरवला नाही.

जुनं यंत्र मी विकलं नाही. सगळी कागदपत्रं पुसली, इंटरनेटची वायर काढली आणि त्याला आतल्या टेबलावर बसवलं. त्याला तिथे कामही आहे. युनिकोड रुळण्याआधी आम्ही प्रबंध ज्या फॉन्टांत टाइप करायचो, त्यांत पडद्यावर ‘क’ दिसला तरी फायलीत साठायचं ते इंग्रजी चिन्हच. फॉन्ट नसेल तर सगळं मराठी कचरा होऊन दिसतं. त्या टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं डोंगल नवं यंत्र ओळखत नाही.

गेल्या आठवड्यात गेवराईहून एक बाई आल्या. २००९ साली त्यांचा प्रबंध मीच टाइप केला होता, ऊसतोड कामगारांच्या बायकांवर. आता त्याचं पुस्तक करायचं होतं.

“काका, घरी फाइल उघडली तर नुसती एबीसीडी दिसते. गेलं का सगळं?”

आतल्या टेबलावर उघडून दाखवलं. दोनशे बारा पानं, जशीच्या तशी. त्या बराच वेळ वाचत उभ्या राहिल्या.

“मग पेनड्राइव्हवर द्या ना.”

“मॅडम, देतो, पण तुमच्या लॅपटॉपवर पुन्हा तेच दिसेल. युनिकोडात आणावं लागेल.”

रूपांतर करून देणारी साधनं आहेत, पण रफार आणि जोडाक्षरं फुटतात. प्रत्येक पान मुळाशी ताडून बघावं लागतं. पैसे किती होतील, असं त्यांनी विचारलं.

“बघू,” मी म्हणालो.

सध्या सत्तेचाळिसाव्या पानावर आहे.