तगलेल्या दुकानाचे देणे

संकटातून तगून निघालेल्या छोट्या दुकानदाराचे कौतुक करण्याची आपल्याला मोठी हौस आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये चलनातल्या सुमारे ८६ टक्के मूल्याच्या नोटा एका रात्रीत बाद झाल्या. मार्च २०२० मध्ये सगळा देश बंद झाला. दोन्ही वेळा चहाची टपरी, इस्त्रीचा ठेला, भाजीची गाडी पुन्हा उभी राहिलेली पाहून आपण जिद्दीला दाद दिली. जिद्द होतीच. पण तो एका माणसाचा गुण मानला की विषय तिथेच मिटतो: तगला त्याचे पुण्य, बुडाला त्याचे नशीब. हा हिशेब मला नीतीच्या दृष्टीने चुकीचा वाटतो. जो तगतो तो बऱ्याच अंशी इतरांनी सोसल्यामुळे तगतो. म्हणून त्याच्या तगण्याकडे गुण म्हणून पाहावे तितकेच ऋण म्हणूनही पाहिले पाहिजे.

याला पुरावा आहे. सोलापूर जिल्ह्यातले शिरापूर धरून तीन गावांतल्या घरांची जमाखर्चाची माहिती इक्रिसॅट या संस्थेने वर्षानुवर्षे गोळा केली होती. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट टाउनसेंड यांनी ती तपासून १९९४ मध्ये निष्कर्ष मांडले. एखाद्या घराचे उत्पन्न एका वर्षी कोसळले तरी त्याचा खर्च तितका कोसळत नव्हता; तो गावाच्या सरासरी खर्चाबरोबर वरखाली होत होता. म्हणजे पडणाऱ्याला गाव धरून ठेवत होते, भूमिहीनाला मात्र कमी. किराणा दुकानाची उधारीची वही उघडली की हीच गोष्ट जवळून दिसते. पानाच्या माथ्यावर खोली नंबर, खाली अर्धा किलो साखर, तेलाची पिशवी, चहाची पुडी, आणि मधूनच शंभर रुपये जमा. दुकानदार गिऱ्हाइकासाठी थांबतो, कारण घाऊक व्यापारी त्याच्यासाठी थांबलेला असतो. पण वहीत न येणाऱ्या गोष्टीही आहेत. बायकोचे गहाण पडलेले सोने, पगाराविना गल्ल्यावर बसलेली मुलगी, पहिल्याच आठवड्यात गावी पाठवलेला कामाचा पोऱ्या. दुकान तगले म्हणताना यांनी काय भरले ते कोणी मांडत नाही.

संकटात माणसाने कशाच्या बळावर तगायचे, या प्रश्नाची आपल्या परंपरेत दोन उत्तरे सापडतात. दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात बुद्ध गृहस्थाला सांगतात, की कमाईचे चार भाग करावेत: एक उपभोगाला, दोन व्यवसायात, चौथा आपत्तीसाठी राखून. हा सल्ला शहाणपणाचा आहे. पण ज्याची दिवसाची कमाई दिवसालाच संपते, त्याचा चौथा भाग येणार कुठून? त्याची शिल्लक माणसांत असते. शतपथ ब्राह्मणात देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांसोबत मनुष्यांचे ऋणही सांगितले आहे: माणूस जन्मतःच इतर माणसांचे देणे लागतो. छोट्या धंद्याची घडण मला या दुसऱ्या विचारात अधिक खरी उतरलेली दिसते. बुद्धांच्या त्याच उपदेशात मित्र, नोकर, आप्त यांच्याविषयीची कर्तव्येही आहेत, हे मात्र विसरू नये.

यावर कोणी म्हणेल, उधारी ही निव्वळ स्वार्थाची गोष्ट आहे. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून दुकानदार देतो. असेल. पण ऐन संकटात स्वार्थ सांगतो की आधी वसुली कर, आणि तेव्हाही जो थांबतो त्याचे देणे त्याच्या हेतूमुळे फिटत नाही. दुसरा आक्षेप जास्त जड आहे. हीच नाती गळफास होतात. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला करून कर्जाचे रोखे जाळले, ते उगाच नव्हे. जिथे कागद, कोर्ट आणि जप्ती एकाच बाजूला असतात तिथे ऋण दोघांचे राहत नाही. म्हणूनच नात्यांच्या गोडव्यावर विसंबणे मला पुरेसे वाटत नाही. देणेकऱ्याइतकाच घेणेकरीही बांधला गेला पाहिजे. तुकोबांचे घराणे देहूच्या वाण्यांचे, सावकारीही घरात. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा गेले, दुकान बसले. परंपरा सांगते, की त्यानंतर त्यांनी खतपत्रांची वाटणी केली, भावाचा हिस्सा भावाला दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली. यातली वाटणी मला बुडवण्याइतकीच महत्त्वाची वाटते: सोडून देता येते ते फक्त स्वतःचे येणे. आज व्यापाऱ्याचे देणे डोक्यावर असलेला किराणावाला किती उधारी सोडणार?

इथेच तिसरी अडचण उभी राहते. एक घर पडले तर गाव सावरते. सगळे गाव एकदम पडले तर कोण सावरणार? २०२० मध्ये तसेच झाले. त्यावेळचा बंद हा सार्वजनिक निर्णय होता आणि फेरीवाल्याने गाडी बंद ठेवली ती सगळ्यांच्या जिवासाठी. मग देणे कोणाचे झाले? माझ्या मते समाजाचे. पण जून २०२० मध्ये पीएम स्वनिधी योजनेतून फेरीवाल्याला मिळाले ते १०,००० रुपयांचे कर्ज. व्याजात सवलत होती, तारण नव्हते, अनेकांना त्याचा उपयोगही झाला. तरी ज्याचे आपण देणे लागत होतो त्यालाच आपण देणेकरी केले. तिजोरीला मर्यादा असते, हे खरे. पण मर्यादेमुळे रक्कम कमी होईल, देण्याची दिशा उलटण्याचे कारण नाही. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत महाराष्ट्र सरकारने नोंदणीकृत फेरीवाल्यांना प्रत्येकी १,५०० रुपये जाहीर केले. रक्कम तुटपुंजी, पण दिशा बरोबर होती. नोंदणी नसलेले त्यातही बाहेर राहिले, आणि मुंबईसारख्या शहरात नोंदणी नसलेलेच पुष्कळ आहेत.