सहा जणांचा हिशेब

ग्रीक पुराणकथांतले बहुतेक राक्षस शेवटी मारले जातात. पर्सियस मेड्यूसाचं शिर उतरवतो, थीसियस मिनोटॉरला लोळवतो, हेराक्लीस पुतण्याच्या मदतीने हायड्राचा निकाल लावतो. होमरच्या ‘ओडिसी’तली स्किला मात्र मरत नाही. तिच्याशी लढायची सोयच नाही, म्हणून ती या सगळ्यांपेक्षा भयंकर.

अरुंद सामुद्रधुनी. एका बाजूला कॅरिब्डिस, दिवसातून तीनदा समुद्र गिळून तीनदा ओकणारा भोवरा. समोरच्या कड्यातल्या गुहेत स्किला. बारा पाय, सहा लांब माना, प्रत्येक तोंडात दातांच्या तीन रांगा, आणि आवाज कुत्र्याच्या पिल्लासारखा. पुढे लोकांनी ही जागा इटली आणि सिसिली यांच्यामधल्या मेसिनाच्या सामुद्रधुनीत शोधली. तिथे आजही भोवरे उठतात.

या वाटेने जहाज नेणार असलेल्या कथानायक ओडिसियसला सर्सी ही जादूगारीण आधीच बजावते. स्किलाच्या कड्याला धरून जा. सहा माणसं जातील, पण भोवऱ्यात सापडलात तर सगळेच जाल. लढायला थांबू नकोस, थांबलास तर ती आणखी सहा उचलेल. सल्ला चोख आहे, आणि जमिनीवर बसून ऐकताना त्यातलं गणितही सोपं वाटतं.

ओडिसियस मग दोन गोष्टी करतो. स्किलाबद्दल सोबत्यांना अवाक्षर सांगत नाही, कारण कळलं असतं तर वल्ही टाकून ते आत दडून बसले असते. आणि सर्सीची ताकीद विसरून चिलखत चढवतो, दोन भाले घेऊन नाळेवर उभा राहतो. उपयोग शून्य. सगळे धास्तावून भोवऱ्याकडे पाहत असताना स्किला सहा जणांना उचलते. तो वळून पाहतो, तर त्यांचे हातपाय वर हवेत, आणि ते त्याला नावाने हाका मारताहेत. समुद्रावर जे जे सोसलं, त्यात याहून करुण काही पाहिलं नाही, असं तो पुढे म्हणतो.

बरं, ज्यांच्यासाठी सहा जण गेले, ते तरी वाचले का? पुढे त्यांनी सूर्यदेवाची गुरं मारून खाल्ली, त्याची शिक्षा म्हणून देवराज झ्यूसने जहाज फोडलं आणि एकटा ओडिसियस सोडून सगळे बुडाले. पण तेवढ्यावरून ओडिसियसचा निर्णय चुकला असं म्हणवत नाही. त्या घडीला दुसरा मार्ग नव्हता. कर्तेपणी असे प्रसंग अनेकांवर येतात. मग आपण ‘सहाच गेले’ एवढं म्हणून मोकळे होतो. आकड्याला तोंड नसतं, तो हाक मारत नाही.

ओडिसियस असा मोकळा होत नाही. ही हकिगत आपल्याला कळते ती त्याच्याच तोंडून, फिएशियन नावाच्या लोकांच्या राजाच्या दरबारात. तोवर त्याचा एकही सोबती जिवंत नाही. त्याला खोटं पाडायला कुणी उरलेलं नाही. सोबत्यांपासून लपवलेली गोष्ट आणि ते निरुपयोगी चिलखत त्याला सहज गाळता आलं असतं. तो दोन्ही सांगतो, त्या हाकांसकट. प्रत्येक राक्षस मारणं माणसाच्या हाती नसतं. आपल्या निर्णयाची किंमत कुणी मोजली, हे न गाळता सांगणं मात्र हाती असतं.