दोन पायल्यांचा वस्तरा

दाढीसारख्या क्षुल्लक विषयावर दिवाळी अंकात लिहावे की नाही, याचा मला थोडा संकोच वाटला. पण नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी घरोघरची पुरुषमंडळी आरशासमोर उभी राहतातच. तेव्हा विषय अगदीच परका नाही.

गेल्या उन्हाळ्यात आजोबांच्या पेटीत मला एक वस्तरा सापडला. मूठ शिंगाची, पाते गंजून तांबूस झालेले, धारेला दोन ठिकाणी खांडे पडलेली. मुठीजवळ कोरलेली ‘सोलिंगेन’ ही अक्षरे तेवढी शाबूत होती. जर्मनीतले हे गाव पात्यांसाठी फार जुन्या काळापासून नावाजलेले. त्याचे नाव भलत्याच मालावर कोणी घालू नये म्हणून १९३८ साली तिकडे कायदाच झाला. असा वस्तरा पुन्हा रोजच्या वापरात आणावा, असे माझ्या मनाने घेतले. वापरून फेकून देण्याच्या वस्तूंचा मला कंटाळा आहे. मास्तर माणूस खडूचे तुकडेसुद्धा जपून ठेवतो.

सायकलवर चाक फिरवून सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्याकडे तो द्यायचा नाही, एवढे मला ठाऊक होते. चाकावर पातळ पाते तापते, निळे पडते आणि पोलादाला दिलेले पाणी उतरते. म्हणून घरीच बसलो. तेल लावून घासल्यावर वरचा गंज निघाला, पण त्याखाली काळे ठिपके दिसू लागले. गंज पोलादावर नुसता बसत नाही, तो पोलाद खातो. खाल्लेली जागा भरून काढता येत नाही. धारेवर असा ठिपका आला, की तिथे धार तुटते. उपाय एकच : निरोगी पोलाद लागेपर्यंत धार मागे मागे न्यायची. दुरुस्तीने गेलेले परत येत नाही. उरलेल्यातलेच थोडे आणखी जाते.

वस्तऱ्याची घडण मात्र मोठी शहाणपणाची. पाठ जाड, पोट खोलगट, धार बारीक. दगडावर आडवा टेकवला, की पाठ आणि धार दोन्ही दगडाला लागतात आणि घासण्याचा कोन आपोआप साधतो. आधी एक हजार नंबरच्या दगडावर खांडे काढली, मग तीन हजारांचा दगड, मग आठ हजारांचा. दगडावर धार पुढे ठेवून पाते चालवायचे आणि चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून. हे उलट झाले तर पट्टाच कापला जातो. माझा एक कापला गेला. पाचव्या रविवारी मनगटावरचा केस अलगद तुटला, आणि मी लहान मुलासारखा ओरडत आईला दाखवायला गेलो.

आई पाहत राहिली. म्हणाली, “अरे, हा तात्यांचा.”

तात्या म्हणजे आमच्या गावचे न्हावी. माझे जावळ त्यांनीच काढले. १९७२च्या दुष्काळात शेतात काही पिकले नाही, त्यामुळे सुगीवर मिळणारे बलुतेही बुडाले. तात्या खडी फोडायला गेले. जाण्यापूर्वी दोन पायल्या ज्वारीवर वस्तरा आजोबांकडे ठेवून गेले. आजोबांच्या वहीत तसे टिपण आहे : वस्तरा एक, ज्वारी पायल्या दोन. पुढचा रकाना कोराच.

दुष्काळ सरला. तात्यांनी कुठून तरी दुसरा वस्तरा मिळवला आणि पुढची कित्येक वर्षे ते आमच्या ओटीवर येऊन आजोबांची दाढी करीत राहिले. पेटी आतल्या खोलीत, दहा पावलांवर. त्यांनी मागितला नाही, म्हणून आजोबांनी दिला नाही. आजोबा दुष्ट नव्हते. त्या वर्षी त्यांनी पुष्कळांना धान्य दिले. पण द्यायचे राहून गेले, हेही तितकेच खरे.

आता हा वस्तरा कोणाचा? व्यवहार म्हणतो, इतक्या वर्षांनी कसला हिशेब? जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने सतराव्या शतकात असे मांडले, की निसर्गातल्या वस्तूत माणूस आपले श्रम मिसळतो तेव्हा ती त्याची होते. माझे पाच रविवार त्या पात्यात मिसळले आहेत. पण लॉकचा विचार बेवारशी वस्तूपुरता; रानातले फळ वेगळे आणि तात्यांचा वस्तरा वेगळा. उलट मला भीती वाटू लागली, की गंजाबरोबर मी तात्यांच्या हाताची झीजही घासून टाकली. वस्तू सुधारता सुधारता ती आपली करून घेणे किती सोपे असते! चोरी करताना निदान छाती तरी धडधडते. इथे मी शीळ घालीत होतो.

तात्यांच्या नातवाचे तालुक्याला सलून आहे. तो माझा विद्यार्थी. गेल्या शनिवारी वस्तरा घेऊन गेलो. दुकानात चार गिऱ्हाइके बसलेली. त्याने पाते उजेडात धरले आणि म्हणाला, “गुरुजी, एका बाजूने पाठ जास्त घासलीय तुम्ही.” मी पेपर तपासावा तसा त्याने तो तपासला. मग पट्ट्यावर दहा-वीस हात मारून माझी दाढी केली. अशी दाढी माझी कधी झाली नव्हती. मी त्याला सगळी हकीकत सांगितली आणि वस्तरा ठेवून घे म्हटले.

तो हसला. “दुकानात हा चालत नाही गुरुजी, दर माणसाला नवे ब्लेड लागते. तुमच्याकडेच असू दे. धार गेली की आणा.”

मी हलक्या मनाने निघालो. पण एस.टी.त बसल्यावर ते मन पुन्हा जड झाले. चार माणसांदेखत, त्याच्या गुरुजींनी, त्याच्या धंद्याच्या वेळी विचारले. त्याने ‘द्या’ म्हणावे तरी कसे? ज्याला ‘नाही’खेरीज दुसरे उत्तरच देता येऊ नये, असा प्रश्न मी त्याला घातला होता. वर्गात असला प्रश्न मी कधी काढला नसता. तात्यांनासुद्धा ओटीवर मागता आले नसते ते याच कारणाने.

सोमवारी त्याचे दुकान बंद असते. त्या दिवशी त्याच्या घरी जाणार आहे, आजोबांची वही बरोबर घेऊन. दोन पायल्या ज्वारीचा रकाना त्याच्यासमोर ठेवायचा आणि तो बोलेपर्यंत आपण गप्प राहायचे, एवढे ठरवले आहे. वस्तरा पुसून, तेलाचा हात फिरवून फडक्यात बांधून ठेवला आहे. दाढी तोवर वाढू दिली आहे.